कळ थांबली, खडा कुठे आहे?

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. आम्ही निपाणी तालुक्यातल्या एका खेड्यातले. माझे मालक 38 वर्षांचे, साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला आहेत. गेल्या महिन्यात रात्री दोनच्या सुमारास त्यांच्या डाव्या कुशीत कळ उठली. अक्षरशः गडाबडा लोळत होते, ओकाऱ्या होत होत्या. निपाणीला आणलं, इंजेक्शन दिलं, सकाळी स्कॅनिंग केलं. डाव्या नळीत अगदी खाली 6 मिलिमीटरचा खडा आहे, किडनीला थोडी सूज आहे असं सांगितलं. बारा दिवसांनी पुन्हा कळ आली तेव्हा चुलत दिरांनी त्यांना सुया टोचणाऱ्या एका माणसाकडे नेलं. खरं सांगते, पंधरा मिनिटांत कळ थांबली. मी समोर बसले होते. तो म्हणाला, गोळ्या बंद करा, दहा वेळा या, खडा विरघळून जाईल. तेव्हापासून कळ नाही. मालक म्हणतात, आता दुखतच नाही तर पुन्हा स्कॅनिंगला पैसे कशाला घालायचे? सुयांनी खडा जातो का? की हे सगळं थोतांड आहे? — एक वाचक, निपाणी तालुका

उत्तर : ताई, तुम्ही डोळ्यांनी जे पाहिलंत ते थोतांड नाही. सुईने कळ कमी होऊ शकते. मी स्वतः निपाणीत तीस वर्षं दवाखाना चालवते आणि माझ्या टेबलाच्या खणात अ‍ॅक्युपंक्चरच्या सुयांची पाकिटं असतात. पण त्या माणसाने तुम्हाला दोन गोष्टी एकत्र बांधून दिल्या. कळ थांबणं ही एक गोष्ट आणि खडा जाणं ही दुसरी. पहिली झाली म्हणून दुसरी झाली, असं होत नाही. माझ्याकडे संकेश्वर-हुक्केरीकडचे कन्नड बोलणारे पेशंट येतात, त्यांना मी एवढंच सांगते : नोवु होयतु, आदरे कल्लु होगिल्ल. दुखणं गेलं, पण दगड गेला नाही.

आधी कळ का येते ते समजून घ्या. किडनीतून मूत्राशयाकडे उतरणारी नळी साधारण 25 सेंटिमीटर लांब असते आणि तीन ठिकाणी अरुंद असते. सगळ्यात अरुंद जागा मूत्राशयाच्या तोंडाशी. तुमच्या मालकांचा खडा बहुधा तिथेच अडकलाय. खडा अडकला की वरून येणारी लघवी तुंबते, किडनी फुगते, तिच्यावरचं आवरण ताणलं जातं. त्यातच शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सोडतं, त्यांनी किडनीत आणखी लघवी तयार होते आणि ताण वाढतो. खडा टोचतो म्हणून कळ येते असं आपल्याकडे समजतात, पण मुख्य दुखणं त्या ताणाचं असतं. म्हणून तर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन इतकं चांगलं चालतं, ते या रसायनांचंच उत्पादन रोखतं. इंग्लंडच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांतही मुतखड्याच्या कळेला याच जातीचं औषध पहिलं सांगितलंय. आणि नळीचा पीळ सोडवणारी म्हणून आपल्याकडे सर्रास टोचली जाणारी जी इंजेक्शनं आहेत, ती कळेसाठी देऊ नयेत असंही त्यातच म्हटलंय.

आणखी एक. ही कळ लाटेसारखी येते. चढते, टोकाला जाते, ओसरते. मधे तासभर माणूस चहा मागतो इतका बरा असतो. त्यामुळे कळ ऐन भरात असताना जो काही उपाय कराल, मग तो सुई असो, अंगारा असो की गरम पाण्याची पिशवी, त्याच्या पाठोपाठ ओसर येण्याची शक्यता असतेच. एका पेशंटवरून, एका रात्रीवरून निकाल देता येत नाही. माझ्यासाठीही हाच नियम आहे.

म्हणून तुलना करून पाहावी लागते, आणि ती झालीय. बीजिंगमधला एक अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. मुतखड्याच्या कळेने आलेली 80 माणसं घेतली. सगळ्यांना, हे नीट वाचा, सगळ्यांनाच डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं. त्यावर 40 जणांना खऱ्या सुया आणि 40 जणांना लटक्या, म्हणजे सुया लावल्याचं नुसतं भासवलं. दहा मिनिटांनी विचारलं, दुखणं निम्म्याने तरी कमी झालं का? खऱ्या सुयांच्या गटात 31 जणांचं झालं होतं, लटक्यांच्या गटात 4 जणांचं. फरक फार मोठा आहे आणि मला तो खरा वाटतो. पण पुढे एक तासाने पाहिलं तेव्हा दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. इंजेक्शनने आपलं काम पूर्ण केलं होतं. तुर्कस्तानातही 121 पेशंटवर सुई, डायक्लोफेनॅक आणि शिरेतून दिलेलं पॅरासिटामॉल अशी तुलना झाली. पहिल्या दहा मिनिटांत सुई पुढे होती, दोन तासांनी डायक्लोफेनॅक. ट्युनिशियातल्या डॉक्टरांनी सुयांची तुलना मॉर्फिनशी केली, तिथेही सुया लवकर लागू पडल्या आणि दुष्परिणाम कमी झाले. ही सगळी हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात केलेली कामं आहेत, तपासणी झालेल्या पेशंटवर. आणि त्यांत मोजलं ते दुखणं. सुयांनी खडा विरघळतो याचा पुरावा मी कुठेच पाहिलेला नाही.

म्हणजे सुईचं काम आहे ते औषध चढेपर्यंतची पंधरा-वीस मिनिटं सुसह्य करण्याचं. ही पंधरा मिनिटं कमी महत्त्वाची आहेत असं मी कधीच म्हणणार नाही. तीन बाळंतपणं झालेल्या बायका मला सांगतात, बाई, हे त्याहून वाईट.

ऑगस्ट 2019 चा महापूर तुम्हाला आठवत असेल. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं, कोल्हापूरची वाट बंद. त्या दिवसांत एक विडी कामगार बाई कळ घेऊन आली. तिला तंबाखूच्या धुळीने जुना दमा, आणि आधी एकदा दुखण्याच्या साध्या गोळीने जीव गुदमरून मरता मरता वाचलेली. दम्याच्या काही पेशंटना या जातीची औषधं चालतच नाहीत. तिला डायक्लोफेनॅक देणं म्हणजे दुसरं संकट ओढवून घेणं. शिरेतून पॅरासिटामॉलची बाटली लावली, पण ती चढून उतार पडेपर्यंत वेळ जातो. तेवढ्या वेळासाठी मी तिच्या दोन्ही हातांच्या पंजांच्या मागच्या बाजूला सुया लावल्या. चिनी पद्धतीत तिथे कंबरदुखीचे बिंदू आहेत, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या हाडांमध्ये एक, अनामिका आणि करंगळीच्या हाडांमध्ये दुसरा. दहा-बारा मिनिटांत तिची मूठ सैल झाली. ओरडणं थांबलं, कण्हणं राहिलं. कळ पूर्ण गेली नव्हती, पण ती बोलू लागली, ताप कधी आला होता का, लघवी होते का, हे मला विचारता आलं. तिला ताप नव्हता. पाणी उतरल्यावर ती कोल्हापूरला गेली.

आता दुसरी हकिकत, आणि ती माझ्या चुकीची आहे. 2008 साली तंबाखूच्या वखारीतला एक हमाल माझ्याकडे आला. मी इंजेक्शन दिलं, सुया लावल्या. अर्ध्या तासात तो उठून हात जोडून गेला. पुढच्या आठवड्यात स्कॅनिंग करून घ्या असं मी तोंडी सांगितलं, पण तारीख लिहून दिली नाही, त्याच्या बायकोला सांगितलं नाही. त्याला पुन्हा दुखलं नाही, म्हणून तो आला नाही. चार महिन्यांनी दुसऱ्याच कारणाने पोटाचं स्कॅनिंग झालं तेव्हा त्या बाजूची किडनी पाण्याच्या फुग्यासारखी झालेली होती, तिचं मांस पातळ झालेलं. खडा नळीत तसाच बसून होता. कळ का नव्हती? कारण तुंबारा हळूहळू मुरला की किडनी लघवी करणंच कमी करते, ताण उतरतो, दुखणं थांबतं. किडनी मरत असताना माणूस सुखात असतो. त्या दिवसापासून माझ्या दवाखान्यात मुतखड्याच्या प्रत्येक पेशंटच्या कागदावर पुढच्या स्कॅनिंगची तारीख लाल पेनाने लिहिलेली असते आणि सोबत आलेल्या माणसाकडून मी ती वाचून घेते.

म्हणून ताई, मालकांच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : दुखत नाही म्हणूनच स्कॅनिंग करायचं. 6 मिलिमीटरचा खडा आपणहून पडू शकतो. 5 मिलिमीटरपर्यंतचे खडे तिघांपैकी दोघांचे पडतात, 5 ते 10 मधले जवळपास निम्म्यांचे. नळीत खाली असेल तर शक्यता अधिक, आणि तिथे टॅम्सुलोसिन नावाच्या गोळीने थोडी मदत होते. त्या माणसाने बंद करायला सांगितलेल्या गोळ्यांत बहुधा तीच आहे. ती चालू ठेवायची की नाही हे डॉक्टरांना विचारा. ताप नसेल, दुखणं आवाक्यात असेल, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी तपासणी) ठीक असेल तर चार ते सहा आठवडे वाट पाहतात. तुमचा महिना उलटून गेलाय. लघवी चहाच्या जुन्या गाळण्यातून करायला सांगा. खडा हातात आला तर तो डबीत घालून तपासायला द्या. गाळण्यात सापडला नाही आणि स्कॅनिंगमध्येही नळी व किडनी मोकळी दिसली नाही, तर खडा आत आहे असंच धरून चालायचं. साध्या स्कॅनिंगमध्ये, म्हणजे सोनोग्राफीत, नळीच्या मधल्या भागातला खडा कधी कधी दिसत नाही, तेव्हा साधा सीटी करतात, त्यात शिरेतून औषध सोडावं लागत नाही. रिपोर्टमध्ये 'हायड्रोनेफ्रोसिस' हा शब्द शोधा, त्याचा अर्थ तुंबाऱ्याने किडनी फुगलीय. आपल्या भागात रिपोर्ट इंग्रजीत, हॉस्पिटलचा सूचनेचा कागद कन्नडमध्ये आणि घरात वाचणारे मराठी, यात हा एक शब्द हरवतो. पुढच्या भेटीत तो गेला की वाढला, एवढं डॉक्टरांना नाव घेऊन विचारा.

सुईने खडा 'विरघळतो' हे सांगणं मला सगळ्यात जास्त खटकलं. आपल्याकडचे बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, ते कुठल्याही गोळीने, काढ्याने किंवा सुईने विरघळत नाहीत. युरिक अ‍ॅसिडचे खडे तेवढे लघवीचा आंबटपणा कमी करणाऱ्या औषधांनी विरघळू शकतात, तेही काही आठवड्यांत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. म्हणूनच तो खडा तपासायला द्यायचा.

अशा माणसांच्या दाराबाहेर 'जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता' असा फलक असतो, त्याबद्दलही सांगते. 2003 साली संघटनेच्या एका अहवालात अ‍ॅक्युपंक्चर उपयोगी पडणाऱ्या आजारांची यादी आली आणि तिच्यात मुतखड्याची कळ आहे, हे खरं. त्या यादीमागचे पुष्कळ अभ्यास कच्चे होते म्हणून तिच्यावर टीकाही खूप झाली. आणि यादीत आहे ती कळ, खडा नव्हे. आपल्या केंद्र सरकारने 2019 मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिलीय. महाराष्ट्रात त्याचा वेगळा कायदा आणि परिषद आहे. पण आपण कर्नाटकात आहोत. इथे कुठलाही खासगी दवाखाना 2007 च्या कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो, त्याला लोक केपीएमई म्हणतात. सीमेपलीकडून आठवड्यातून एकदा येऊन लॉजवर बसणाऱ्याकडे हे आहे का, विचारा. सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून काढली का आणि वापरल्यावर टाकली का, हे बघा. एकच सुई दोघांना टोचली तर काविळीचा, एचआयव्हीचा धोका आहे. पाठीत फासळ्यांजवळ खोल सुई गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते आधी सांगितलं पाहिजे.

या विद्येवर माझा राग नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बासू पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी ते रुजवलं. मी ज्या परंपरेत शिकले ती हीच. डॉक्टरच्या हातातलं एक साधन म्हणून ते आपल्याकडे आलं. तपासणीऐवजी वापरायला नव्हे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा आणि आजच मालकांना वाचून दाखवा. कळेसोबत थंडी वाजून ताप आला तर सुई नको, घरची गोळी नको, वाट पाहणं नको, 108 ला फोन. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले की काही तासांत विष रक्तात भिनतं. तेव्हा नळीत स्टेंट, म्हणजे बारीक पोकळ नळी, घालून किंवा पाठीतून नळी घालून किडनी मोकळी करावी लागते, आणि ते त्याच दिवशी. लघवी अजिबात होत नसेल, एकच किडनी असेल, किंवा साठीच्या पुढच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच अशी कळ आली असेल, तरी थेट हॉस्पिटल. साठीतल्या पहिल्या कळेमागे कधी कधी खडा नसून पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेली असते.

मालक बॉयलरवर आहेत, घाम किती जात असेल याची मला कल्पना आहे. पुन्हा खडा होऊ नये म्हणून दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. पाणी किती प्यायलो हे मोजू नका, एका सुट्टीच्या दिवशी लघवी मोजा. आणि ऐन कळेत मात्र तांब्याच्या तांब्या पाणी पाजू नका, त्याने खडा ढकलला जात नाही, तुंबारा आणि ओकाऱ्या वाढतात.

प्रश्न : हातावरचे बिंदू घरी दाबून कळ थांबवता येते का? कुळथाचं कढण आणि पानफुटीचं पान खाल्लं तर चालेल का? आमच्याकडे दूध आणि चुना बंद करायला सांगतात. — शिक्षक, खानापूर

उत्तर : दाबायला हरकत नाही, इजा होत नाही. पण वर सांगितलेले अभ्यास सुयांचे आहेत, दाबण्याचे नाहीत. दाबत दाबत गाडीत बसा. कंबरेला शेक द्या, तोही उतार देतो.

कुळथाचं कढण खावं, आपल्या खानापूर-जांबोटीच्या पावसात ते अंगाला बरंच लागतं, पातळ असल्यामुळे पोटात पाणीही जातं. त्याने अडकलेला खडा फुटेल ही आशा धरून आठवडे घालवू नका. पानफुटीबद्दलही तेच. दूध बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि बाहेर टाकतं. ते कमी केलं तर खडे वाढतात. कमी करायचं ते मीठ. लोणचं, पापड, फरसाण आधी आवरा.

प्रश्न : मुलगी सात महिन्यांची गरोदर, पहिल्या खेपेला माहेरी आलीय. उजव्या कुशीत कळ येते, स्कॅनिंगमध्ये किडनी फुगलीय म्हणाले. गरोदरपणात औषध नको म्हणून सुया लावू का? — आई, चिकोडी

उत्तर : तुमचं पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी मी फोन करून बोलले. इथे बाकीच्यांसाठी लिहिते. गरोदरपणात उजवी किडनी थोडी फुगलेली दिसणं नेहमीचं आहे, गर्भाशयाचा दाब तिकडे अधिक पडतो. म्हणून फुगलीय म्हणजे खडाच आहे असं नाही, आणि नाही असंही नाही. बाळंतपणाच्या आणि मूत्रविकाराच्या डॉक्टरांनी दोघांनी मिळून बघायला हवं. 20 आठवड्यांनंतर डायक्लोफेनॅकच्या जातीची औषधं बाळासाठी टाळतात, पॅरासिटामॉल चालतं, हॉस्पिटलमध्ये त्याहून जोरकस औषधंही जपून देता येतात. तेव्हा औषधच नको हे खरं नाही. सुयांचं म्हणाल, तर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला आणि घोट्याच्या वर आतल्या बाजूचा, असे काही बिंदू गरोदरपणात वर्ज्य मानतात, आणि कुशीच्या दुखण्याला वापरले जाणारे काही बिंदू त्यांतलेच आहेत. बाहेरच्या कुणाकडून सुया लावून घेऊ नका. पोट थांबून थांबून कडक होत असेल, पाणी गेलं, ताप आला किंवा बाळ हलायचं कमी झालं, तर रात्र असली तरी निघा आणि आधीच्या सगळ्या स्कॅनिंगची फाईल सोबत घ्या.